वह्या दिवाळीनंतर संपतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या तुमच्या सोसायटीने ६० हजार रुपये जमवले आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जायचं आणि प्रत्येक मुलाला दप्तर, सहा वह्या, कंपासपेटी, पाण्याची बाटली असा संच द्यायचा, असा बेत आहे. काय घ्यावं, शाळा कशी निवडावी, आणि शिक्षकांसाठीही काही करता येईल का?

मी या डोंगरपट्ट्यात आधी शिक्षक होतो, पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा, झालो. निवृत्तीनंतर देणारे आणि शाळा यांची गाठ घालून देतो. तुमच्या बेतात मला खटकलेली मुख्य गोष्ट म्हणजे जून. यादी, शाळा, खरेदी हे सगळं ठरवू, पण आधी ६० हजारांतले निम्मे बाजूला काढा आणि दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत त्यांना हात लावू नका.

जूनमध्ये आमच्या शाळांत देणाऱ्यांची रीघ लागलेली असते. कंपन्या येतात, ट्रस्ट येतात, पुढाऱ्यांचे वाढदिवस येतात, सोसायट्या येतात. सगळ्यांना शाळेचा पहिला दिवस हवा असतो, कारण फुलं, फुगे, नवागतांचं स्वागत, सगळं त्याच दिवशी असतं. मग मूल रोज एक पान लिहितं असं धरा. १५ जूनपासून दिवाळीपर्यंत सुट्ट्या वगळून शाळा भरते साधारण ऐंशी-नव्वद दिवस. म्हणजे शंभर पानी वही दिवाळीच्या आसपास संपलीच. पावसाळ्यात होड्यांना गेलेली पानं वेगळी, गळक्या छपराखाली भिजलेली वेगळी. दुसऱ्या सत्राला मूल येतं तेव्हा दप्तरात वहीचे पुठ्ठे असतात आणि देणारं कोणी नसतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे वह्या घेऊन आलेली गाडी क्वचितच पाहिली.

त्यावेळी वर्गात काय होतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. काही शिक्षक पदरचे पैसे घालून वह्या आणतात. काही मुलं जुन्या वहीच्या समासात, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहितात. आणि बऱ्याच वर्गांत लिहिणंच कमी होतं. शिक्षकाला माहीत असतं की पंधरा मुलांकडे वही नाही, म्हणून तो गृहपाठ द्यायचा थांबतो, फळ्यावरचं उतरवून घ्या म्हणायचा थांबतो, तोंडी घेतो. कोणी तसं ठरवत नाही, आपोआप होतं. पहिली-दुसरीतल्या मुलाचा हात वळायचा काळ नेमका हाच. म्हणून नोव्हेंबरात दिलेल्या दोन वह्यांची किंमत मी जूनमधल्या सहा वह्यांपेक्षा जास्त लावतो.

या भागापुरतं आणखी एक कारण आहे. दिवाळी झाली की पाड्यांवरची घरं रिकामी होऊ लागतात. कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही आई-बापाबरोबर जातात. जाणाऱ्या मुलाला शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसवून घेता येतं. कार्ड मिळतं, पण त्या नव्या शाळेत मूल जातं ते मोकळ्या हाताने. अशा मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीआधी एक जाड प्लास्टिकची पिशवी तयार ठेवायची: दोन वह्या, चार पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, गोष्टीचं एक पुस्तक, आणि त्यातच ते कार्ड. कोणती कुटुंबं निघणार हे शिक्षकाला दसऱ्यापासूनच कळलेलं असतं, कारण मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतल्याची बातमी पाड्यावर लपत नाही. हे काम फार स्वस्तात होतं. करणारे फार थोडे.

मुलांना सरकारकडून काय मिळतं हे माहीत नसलं की तीच वस्तू दुसऱ्यांदा दिली जाते. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती विकत घेऊ नका. दोन गणवेश मिळतात. पूर्वी ते सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती-जमातींची व दारिद्र्यरेषेखालची मुलं यांच्यापुरते होते. २०२३-२४ पासून राज्याने ते सर्व मुलांना लागू केले आणि बूट-पायमोजेही त्यात घातले. मध्ये एक वर्ष, २०२४-२५ मध्ये, गणवेश राज्यपातळीवरून शिवून द्यायचं ठरलं, ते बरंच रखडलं, आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. वह्यांचंही तसंच. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घालून वहीचा खर्च आणि दप्तराचं ओझं कमी करायचा प्रयोग झाला. २०२५-२६ पासून ती पानं गेली. म्हणजे आज वही, पेन्सिल, रंग, कंपास या गोष्टी पालकाच्या नाहीतर शिक्षकाच्या खिशातूनच येतात.

आश्रमशाळा हा वेगळा विषय आहे. त्या आदिवासी विकास विभागाच्या, जिल्हा परिषदेच्या नव्हेत. तिथे द्यायचं असेल तर जव्हार किंवा डहाणूच्या प्रकल्प कार्यालयाशी आधी बोला. दारात गाडी उभी करून कोणी आत घेईलच असं नाही, आणि निवासी मुलींच्या शाळेत ते योग्यही नाही.

आता शाळा निवडणं. नकाशा पाहून किंवा सहलीला जाताना दिसलेली शाळा घेऊ नका. मुख्य रस्त्यालगतच्या शाळेत एकाच जूनमध्ये तीन-तीन दप्तरं मिळालेली मुलं मी पाहिली आहेत. आत चार किलोमीटरवर, जिथे पावसात ओढा उतरून जावं लागतं, तिथल्या पाड्यावरच्या शाळेत कोणी जात नाही. गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच दान जातं. तुमच्या मनात शाळा नसेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा, किंवा त्याहून बरं म्हणजे एखाद्या केंद्रप्रमुखाला गाठा. त्याच्याकडे दहा-बारा शाळा असतात आणि कुठे काय आलं, कुठे काहीच आलं नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. एक प्रश्न नेमका विचारा: ‘गेल्या वर्षी तुमच्या केंद्रात बाहेरून कोणालाच काही मिळालं नाही अशी शाळा कोणती?’ उत्तराला क्षणभरही लागत नाही.

ओळखीपाळखी नसतील तर शिक्षण मंत्रालयाचं विद्यांजली पोर्टल आहे. २०२१ मध्ये ते नव्या रूपात सुरू झालं. शाळा तिथे स्वतःची गरज नोंदवतात आणि देणारा शाळा निवडतो. आमच्या भागातल्या लहान शाळा तिथे फारशा सापडत नाहीत, कारण नोंद करायला रेंज हवी आणि वेळही. तरी बघायला हरकत नाही. शाळा ठरली की तिचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागून घ्या. ११ आकडी असतो. एकाच नावाच्या शाळा तालुक्यात दोन-तीन निघतात आणि पार्सल भलतीकडे जातं.

पाड्यावरच्या बऱ्याच शाळांचा पट विसाच्या आत असतो. तिथे ६० हजार एकाच शाळेत ओतण्यात अर्थ नाही. एकाच केंद्रातल्या दोन-तीन लहान शाळा घ्या आणि त्या पुढच्या वर्षीही सोडू नका. दरवर्षी नवी शाळा घेणाऱ्यांना गरज कधीच कळत नाही. दुसऱ्या वर्षी शिक्षक मोकळेपणाने बोलू लागतो, ‘वह्या पुरल्या, पण पाटी नव्हती’ असं सांगू लागतो. पहिल्या वर्षी तो तुम्ही आणाल त्याला छान म्हणतो.

खरेदीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण पैसे इथेच वाया जातात.

‘सहा वह्या’ म्हणजे कोणत्या? पहिली-दुसरीला मराठीसाठी दुरेघी आणि गणितासाठी चौकटीची वही लागते. तिसरी-चौथीला त्यात इंग्रजीची चाररेघी येते. एकरेघी वही खऱ्या अर्थाने पाचवीपासून चालते. देणारे सरसकट एकरेघी दोनशे पानी आणतात, कारण घाऊक बाजारात तीच ढिगाने असते. पहिलीतल्या पोराच्या हातात ती दिली की अक्षर रेघेवर बसत नाही आणि बाईंना प्रत्येक पानावर पट्टीने रेघा मारत बसावं लागतं. म्हणून इयत्तावार पट मागा आणि इयत्तावार वह्या घ्या. लहानांना शंभर पानीच द्या. दोनशे पानी वही फाटून मधून सुटते. कागद हातात धरून बघा, पेन्सिलीने खोडल्यावर भोक पडत असेल तर ती वही कितीही स्वस्त असली तरी महाग आहे. मुखपृष्ठावर देणाऱ्याचं नाव, पुढाऱ्याचा फोटो, कंपनीचं चिन्ह नको. मूल वर्षभर ती वही उराशी धरून फिरतं.

मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी इथे घाऊक भाव मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच. पण थोडी खरेदी जव्हारच्या किंवा विक्रमगडच्या दुकानातून करा, असं मी सुचवेन. दोन-चार टक्के जास्त पडतील, पण वाहतूक वाचते, खराब माल बदलून मिळतो, आणि मुख्य म्हणजे पुढे शिक्षकाला त्याच दुकानातून हवं ते उचलता येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि रंगखडू यांवर जीएसटी नाही, कंपासपेटीवर पाच टक्के आहे. जुने दर लावून बिल दिलं तर विचारा.

दप्तर हा मोठा खर्च असतो आणि बहुतेकदा अनाठायी. मुलांना आवडतं, फोटोत उठून दिसतं, म्हणून प्रत्येक जण तेच देतो. स्वस्त दप्तराची चेन ऑगस्टपर्यंत जाते, पट्टा त्याआधी. द्यायचंच असेल तर दोन वर्षं टिकेल असं, जाड कापडाचं, दुहेरी शिवणीचं द्या आणि त्याच शाळेला पुढच्या वर्षी देऊ नका. पालघर जिल्ह्याच्या या भागात पाऊस कोसळतो, त्यामुळे दप्तराच्या आत टाकायची साधी झिपची जाड पिशवी दप्तराइतकीच महत्त्वाची. पाच-सात रुपयांच्या त्या पिशवीने मी वह्या वाचलेल्या पाहिल्यात.

कंपासपेटी चौथीपर्यंत कोणाला लागत नाही. पहिलीच्या मुलाला कर्कटक देऊन तुम्ही शिक्षकाच्या डोक्याला ताप देता, दुसरं काही नाही. लहानांना पेन्सिल, खोडरबर, शार्पनर द्या, आणि तेही निम्मे मुलांच्या हाती, निम्मे वर्गाच्या डब्यात. शार्पनर हरवतोच. स्केचपेन महिन्यात वाळतात, त्याऐवजी मेणखडू किंवा तेलखडू घ्या, तुटले तरी चालतात. पाण्याच्या बाटल्या एकदा विचारून घ्या, त्या बहुतेक मुलांकडे असतात.

आणि पाटी. शहरातल्या लोकांना वाटतं पाटी गेली. आमच्याकडे आहे, आणि पहिली-दुसरीला तिच्यासारखं साधन नाही. चुकलं की पुसायचं, कागद खर्च होत नाही, भीती राहत नाही. वह्या दिवाळीपर्यंत टिकवायच्या असतील तर वर्गात पाट्या हव्यातच. लेखणी मात्र शिक्षकाकडे ठेवायला द्या, काही पोरं लिहिण्याआधी ती खातात. यावर हसू येतं, पण असं दिसलं की ते मूल आरोग्य तपासणीला दाखवायचं असतं.

वापरलेल्या वस्तूंचं काय, असं लोक नेहमी विचारतात. अर्ध्या भरलेल्या वह्या तशाच पाठवू नका. कोरी पानं काढून, शिवून किंवा बाइंडिंग करून नवी वही केली तर ती उत्तम चालते. तुमच्या सोसायटीतल्या मुलांना एप्रिलच्या सुट्टीत हे काम द्या. तेवढा वेळ नसेल तर गूंजसारख्या संस्थेकडे द्या, वापरलेलं शालेय सामान निवडून, नीट करून गावोगाव पोचवण्याची त्यांची व्यवस्था आहे. जुनी गाइडं, सीबीएसईची इंग्रजी पुस्तकं, ज्ञानकोशाचे सुटे खंड आमच्याकडे पाठवू नका. शाळेला ते टाकताही येत नाहीत, कारण नोंद झालेली असते, आणि वाळवीला आयतं घर मिळतं.

गोष्टीची पुस्तकं हवीत, पण ती ओळखून घ्या. मुलं घरी वारली, कातकरी, ठाकरी बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना शाळेतच भेटते. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मोठं चित्र आणि पानाला एक-दोन ओळी, एवढंच पाहिजे. प्रथम बुक्सची अशी मराठी पुस्तकं स्वस्त मिळतात. त्यांच्याच स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची पुस्तकं आहेत, ती उतरवून छापून घेता येतात. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या तर शिक्षकाला गट करून वाचून घेता येतं. पन्नास वेगळी पुस्तकं घेतली तर ती कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं, हरवली तर भरून द्यावी लागतील या भीतीने. म्हणून देतानाच मुख्याध्यापकांना लिहून द्या की ही पुस्तकं फाटायलाच दिली आहेत.

शिक्षकांबद्दल विचारलंत याचं मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न कोणी विचारत नाही. लोकांना वाटतं, सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, त्यांना काय कमी. जुन्यांच्या पगाराची तक्रार नाही. पण नव्याने लागलेला प्राथमिकचा शिक्षणसेवक पहिली तीन वर्षं महिना १६ हजारांवर असतो, त्यातच भाड्याची खोली आणि रोजचं पेट्रोल. आणि पगार जुना असो की नवा, वर्गाचा खर्च तो स्वतः करतो. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान येतं: पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. त्यात वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता (किमान दहावा हिस्सा त्यावरच खर्च करायचा), रजिस्टरं, खडू, सगळं बसवायचं. तेही बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपत आलं की हाती पडतं. सराव चाचणीच्या झेरॉक्स, कार्डशीट, लॅमिनेशन, गोंद, मार्कर, प्रिंटरची शाई, ऑनलाइन माहिती भरायला लागणारा मोबाइल डेटा यातलं कशालाच वेगळं खातं नाही.

तरी शिक्षकाला रोख पैसे किंवा वैयक्तिक भेट देऊ नका. त्याला वर्तणूक नियम आहेत, आणि नियम नसते तरी ते अवघडल्यासारखं होतं. ‘सर, तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मला काही नको.’ ‘गेल्या महिन्यात वर्गासाठी दुकानातून काय काय आणलंत?’ असं विचारा. मग यादी मिळते.

माझा आवडता उपाय झेरॉक्सच्या खात्याचा आहे. तालुक्याच्या गावी ज्या दुकानातून शिक्षक प्रती काढतात तिथे शाळेच्या नावाने चार-पाच हजार रुपये आगाऊ जमा करायचे. शिक्षक तिथे प्रती काढतील, कार्डशीट घेतील, लॅमिनेशन करतील, दुकानदार वहीत लिहील, सत्र संपल्यावर तुम्हाला वहीच्या पानाचा फोटो येईल. कोणाच्या हातात पैसे नाहीत, कोणाला हिशोबाचं ओझं नाही, आणि शिक्षक जे खरंच लागतं तेच उचलतो. मोखाड्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत एवढी रक्कम सगळं वर्ष पुरते. गणिताचे मणी, काड्या, आकडेकार्ड हे आमचे लोक स्वतः बनवतात, त्यांना लागतो तो कच्चा माल.

प्रिंटर, टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब यांच्या मोहात पडू नका. २०१५ नंतर डिजिटल शाळांची लाट आली तेव्हा लोकसहभागातून अशी यंत्रं गावोगाव आली. आता त्यातली कितीतरी कापडाखाली आहेत. बिल थकल्यावर वीज तुटली, बॅटरी गेली, शाई भरायला पैसे नाहीत. शाईच्या टाकीचा प्रिंटर द्यायचाच असेल तर तीन वर्षांची शाई आणि दुरुस्ती तुमच्याकडे, असं आधी कबूल करा. ते जमत नसेल तर झेरॉक्सचं खातं बरं.

वाटपाचा दिवस. शाळेत जा, जरूर जा. पण कार्यक्रम करू नका. कार्यक्रम म्हटला की सरपंच, समितीचे अध्यक्ष, नारळ, शाली, सत्कार. मुलं दोन तास ओट्यावर बसून राहतात, पोषण आहार थंड होतो, शिक्षकांचे आदले दोन दिवस तयारीत जातात. वस्तू मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या आणि वर्गशिक्षकाला त्याच्या हाताने, लागेल तसं वाटू द्या. मुलाला वही बाईंनी दिली की ती शाळेची वही होते. पाहुण्याने देऊन फोटो काढला की ती उपकाराची होते, आणि मुलांना हे कळतं. पाचवीच्या पुढच्या मुली तर फोटोच्या वेळी दप्तर तोंडासमोर धरतात. मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नका. सोसायटीच्या ग्रुपवर दाखवायला वह्यांच्या गठ्ठ्याचा आणि पोचपावतीचा फोटो पुरेसा आहे. तुम्ही गेलातच तर तासभर गोष्टी वाचून दाखवा, ते त्यांना जास्त लक्षात राहतं.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: प्राथमिक शाळेत दिलं तर सगळ्यांना. ‘दहा गरजू मुलं निवडून द्या’ असं म्हणणाऱ्या देणाऱ्यांनी आम्हाला फार छळलंय. तीस मुलांच्या पाड्यावर दहा गरीब कसे निवडायचे? सगळ्यांचे आई-बाप एकाच भट्टीवर जातात. निवडलेल्यांना लाज वाटते, न निवडलेल्यांचे पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतात.

हायस्कूलला मात्र उलट. तिथे पट मोठा असतो, गरज माणसागणिक वेगळी असते आणि मुलं ती सांगत नाहीत. नववीपासून पाठ्यपुस्तकं मोफत नसतात, प्रयोगवह्या असतात, दहावीची परीक्षा फी असते. ग्रामीण मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, मुलांना नाही. पाड्यावरचा मुलगा आठवी-नववीत शाळा सोडतो तेव्हा कारण पुष्कळदा एवढंच असतं. इथे वर्गशिक्षकाकडे शांतपणे नावं विचारायची, आणि पासाचे किंवा पुस्तकांचे पैसे थेट आगारात किंवा दुकानात भरायचे. नववी-दहावीची जुनी पाठ्यपुस्तकं मात्र, अभ्यासक्रम बदललेला नसेल तर, जरूर गोळा करा. शाळेत पुस्तकपेढी असेल तर ती तिथे हातोहात जातात.

कागदपत्रांचं थोडक्यात. देण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीला एका ओळीचं पत्र द्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना माहीत असलं की वस्तू भलतीकडे जात नाही ना, याची काळजी तुम्हाला करावी लागत नाही. टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवून घ्या, वह्या-पेन्सिली साठा नोंदवहीत. पोचपावती मागा, ती द्यायला शाळेला आनंदच होतो. करसवलतीसाठी हे करत असाल तर लक्षात ठेवा, वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, आणि २ हजारांवरच्या रोख देणगीवरही नाही. सवलत हवी तर नोंदणीकृत संस्थेला बँकेतून पैसे द्या आणि वस्तू तिला घेऊ द्या. तुमच्यातलं कोणी परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल तर त्याचे पैसे संस्थेला देताना तिच्याकडे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आहे का ते पाहा. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ती अडचण नाही.

पुराच्या वेळचं जाता जाता सांगतो, कारण तेव्हा तुमच्यासारखे गट लगेच वह्या गोळा करतात. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर असो की २०२१ चा चिपळूण-महाडचा, पहिल्या आठवड्यात शाळेत मुलं नसतात, निर्वासित किंवा चिखल असतो. वह्या ठेवायला कोरडी जागा नसते. शाळा पुन्हा भरू लागल्यावर, तीन-चार आठवड्यांनी द्या. आणि तेव्हा सतरंज्या, खडू, फळ्याचा रंग, शिक्षकांची भिजलेली रजिस्टरं यांचीही चौकशी करा, ते कोणाच्याच यादीत नसतं.

आता तुमचे ६० हजार. दोन लहान शाळा, मिळून पट चाळीस-पंचेचाळीस, असं धरतो. जूनमध्ये पाट्या, इयत्तावार वह्या, पेन्सिलीचे डबे, झिपच्या पिशव्या आणि पाचपाच प्रतींचे गोष्टींचे दोन-तीन संच: यात २० हजारांच्या आत भागतं. दोन्ही शाळांचं झेरॉक्स खातं मिळून ८ ते १० हजार. दिवाळीआधी स्थलांतरित मुलांच्या पिशव्या, दिवाळीनंतर वह्यांचा दुसरा हप्ता, जानेवारीत तिसरा, छोटा. उरलेले दहा-बारा हजार मोकळे ठेवा. फेब्रुवारीत शिक्षकाचा फोन येतो, ‘चौथीचे दोघे नवोदयच्या परीक्षेला बसतायत पुढच्या वर्षी, सराव पुस्तकं मिळतील का?’ किंवा सहावीतल्या मुलीला चष्मा लागलेला असतो. अशा वेळी हो म्हणता यावं म्हणून.

दप्तरं या हिशोबात नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. सोसायटीत यावर वाद होईल. दप्तरं हवीच असं ठरलं तर त्यासाठी वेगळी वर्गणी काढा, दिवाळीनंतरचे पैसे त्यात घालू नका.

मुख्याध्यापकांना फोन संध्याकाळी सहानंतर करा. शाळेच्या वेळात बऱ्याच पाड्यांवर रेंज नसते, आणि असलीच तर दोघांपैकी एक शिक्षक तालुक्याला मीटिंगला गेलेला असतो, दुसऱ्याकडे चारही वर्ग असतात.